पाळीबाहेरचं पाणी

माझा मुलगा रस्त्यावर म्हाताऱ्या बाईसारखा चालतो. खरी म्हातारी मी, एकोणऐंशी वर्षांची, पण मीसुद्धा तशी चालत नाही. आज सकाळी डोळ्यांच्या दवाखान्याला निघालो. घरापासून शंभर पावलंही झाली नसतील. कोपऱ्यावरच्या बारवालीने फरशी पुसून बादली बाहेर ओतली होती, आणि जानेवारीच्या गारठ्यात त्या पाण्याची कड गोठून जराशी पांढरी झाली होती. पाणी ते किती, माझ्या कमरेच्या फडक्याएवढं. सेसिलियो थांबला. त्याने माझा दंड धरला, इतका घट्ट की जाड कोटातूनही बोटं रुतली, आणि मला मागे वळवून चर्चमागच्या गल्लीतून, शाळेला पूर्ण वळसा घालून पलीकडच्या फुटपाथवर नेऊन उभं केलं. पाच पावलांच्या जागी पाव तास. बारवाली दारात हात पुसत बघत होती, मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने नजर वळवली, म्हणजे हे ती आज पहिल्यांदा बघत नव्हती. मी त्याला म्हटलं की एक्कावन्न वर्षांचा बाप्या तू, तुझ्या वयात तुझा बाप खांद्यावर बकरी टाकून बर्फातून दोन डोंगर ओलांडायचा, आणि तू बादलीभर पाण्याला भितोस. तो म्हणाला, निसरडं होतं, आई. एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दंडावर त्याच्या बोटांच्या जागा अजून दुखताहेत, दवाखान्याच्या या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी त्या कोटावरून चाचपते आहे. पाच बोटं. माणूस बुडताना धरतो तशी.

नर्सने दोन्ही डोळ्यांत थेंब घातलेत आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसून राहायला सांगितलंय. समोरच्या भिंतीवरची अक्षरं आधी फुगली, मग विरघळली. मला अक्षरांचं तसंही फारसं देणंघेणं नाही, दोन हिवाळे शाळेत गेले त्यात सही शिकले आणि प्रार्थनेचं पुस्तक. पण माणसांच्या चेहऱ्यांचं पीठ झालं की जीव घाबरतो. सेसिलियो शेजारी बसलाय, त्याचा चेहरा म्हणजे एक पिवळट ठिपका. खिडकीतून खूप उजेड येतोय, आणि त्या उजेडाच्या टोकाला एक पांढरा पसारा दिसतोय, तो डोंगर. या शहरात कुठल्याही रस्त्याच्या शेवटी तो उभा असतोच. माझ्या मुलाने बावीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून काढली. घरातल्या त्या बाजूच्या खिडकीचा पडदा तो उघडू देत नाही, उन्हाने सोफ्याचा रंग उडतो म्हणतो. पालिकेच्या कचेरीत एका काचेमागे बसून तो लोकांच्या कागदांवर शिक्के मारतो. कोणे एके काळी हाच मुलगा जर्मन, इंग्रज, डॅनिश असल्या लांब पायांच्या माणसांना रांगेने आमच्या बेनाहार गावातून वरच्या खिंडीपर्यंत न्यायचा. वाटेत कुठल्या झुडपाचा काढा पोटाला चांगला आणि कुठल्याचा वाईट, कुठल्या खळ्यावर कोणाचं लग्न ठरलं होतं, हे त्यांच्या भाषांत मोडकंतोडकं सांगून हसवायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, ओब्दुलिया, तुझ्या पोराला डोंगराने पोटच्या पोरासारखं धरलंय. मी वर मान करून म्हणायची, पोटचा माझा आहे, डोंगराने नुसता सांभाळायला घेतलाय.

काल जेवताना निएवेसने विषय काढला. निएवेस म्हणजे त्याची मुलगी, वीस वर्षांची, माझी एकच नात. डोंगरवाटांवर माणसं नेण्याचं रीतसर शिक्षण देणारी जी शाळा आहे तिथे तिने गुपचूप अर्ज केला होता आणि तिचं नाव लागलं. येते की नाही हे आज दुपारी दोनपर्यंत कळवायचंय. सेसिलियोने चमचा खाली ठेवला. ओरडला नाही, तो कधीच ओरडत नाही. म्हणाला, पोरी, आपल्या घरात ते अंगात नाही, माणसं आपल्या भरवशावर चालतात आणि आपण बघत नाही, मी बघितलं नाही, तूही एक दिवस बघणार नाहीस. अम्पारो, माझी सून, ताटाकडे बघत बसली. पोरीने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांचा निकाल मी लावते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. गावात कुणाची सासू चुकली की सून, कुणाच्या बापाने जमीन वाटताना लबाडी केली, सगळं माझ्या दारात यायचं, आणि मी स्वयंपाकातून मान वर न करता सांगायची, हा चुकला. काल ती वाट बघत होती आणि मी पावाचा तुकडा रश्शात बुडवला. मग ती म्हणाली, बाबा म्हणतात ते खरं असेल, मी उद्या नाही म्हणून कळवते. आज सकाळी निघताना बघितलं, तिचे डोंगरात घालायचे बूट पिशवीत भरून दारापाशी ठेवलेले, चर्चमध्ये गरिबांना द्यायला. लेसाही नीट गुंडाळून आत खोचल्या होत्या. माझ्या ओठांवर जे आलं ते मी गिळलं. बावीस वर्षांच्या सवयीने ते आपोआप खाली जातं.

बावीस वर्षांपूर्वीचा तो हिवाळा कोरडा होता. वर बर्फ कमी, खाली झरे बारीक. फेब्रुवारीत गाव चर्चच्या ओसरीत जमलं. फ्रास्कितो तेव्हा आमचा पाटकरी होता, पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, शब्दाला कमी आणि नजरेला तिखट. त्याने सांगितलं की एप्रिलअखेर संत मार्कोसच्या दिवसापर्यंत कुणीही पाटाचं दारं मोडून पाणी आपल्या वाफ्यात घ्यायचं नाही, सगळं पाणी वरच्या उतारावर नेऊन मोकळं सोडायचं, डोंगराने प्यायचं, म्हणजे जुलैत खालचे झरे वाहतील. आमच्याकडे हे असंच चालत आलंय, पाणी वर पाजायचं आणि खाली उगवायची वाट बघायची. कुठून उगवेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. रोसेन्दो नावाच्या एकाने कुरकुर केली की माझी बदामाची रोपं नवी आहेत, मला एक पाळी द्या. त्याला गप्प कुणी केलं? मी. सगळ्या गावादेखत म्हणाले की तुझी चार रोपं जगावीत म्हणून आम्ही उन्हाळ्यात घागरी घेऊन तुझ्या दारात यायचं का, जरा लाज धर. लोक हसले. हात सगळ्यांत आधी मी वर केला. आणि पंधरा दिवसांनी माझ्याच बाकल्याच्या शेंगांची झाडं पिवळी पडायला लागली. गावात दरवर्षी पहिल्या कोवळ्या शेंगा माझ्या ताटात असायच्या, मार्चमधल्या संत होसेच्या सणाला शेजारीपाजारी त्या माझ्या दारात कच्च्या खायचे, खारवलेल्या माशाबरोबर, आणि मी उभी राहून बघायची. त्या वर्षी माझी नणंद धुण्याच्या हौदावर म्हणाली की या खेपेला ओब्दुलियाला शेंगा बाजारातून आणाव्या लागणार. एवढंच म्हणाली, पिळा मारता मारता. ते मला लागलं. आज आठवलं की वाटतं, इतकं लहान काहीतरी माणसाला लागू कसं शकतं. पण लागलं.

सेसिलियो त्या संध्याकाळी आठ पाहुण्यांना घेऊन घरी आला होता, ते आमच्याकडेच उतरायचे आणि जेवायचे. सूर्य मावळतीला होता. मी परसातून वर गेले, पाटावरची पाटीच्या दगडाची झडप वर उचलली, गवताची ढेकळं बाजूला केली. पाणी माझ्या वाफ्यात शिरलं, थंड, आवाज न करता, एखादं मांजर ओळखीच्या घरात शिरतं तसं. मी ठरवलं होतं की दोन जपमाळा म्हणून होईपर्यंत सोडायचं आणि बंद करायचं. तेवढ्या वेळात चूल पेटवावी म्हणून खाली आले. कढईत तेल, लसूण, मग शिळ्या पावाचा भिजवलेला चुरा. हे मिगास एकदा कढईत पडले की सोडता येत नाहीत, पाऊण तास ढवळावं लागतं, हात थांबला की गोळे होतात. त्या आठांतली एक बाई स्वयंपाकघरात आली. डॅनिश, शाळामास्तरीण, पन्नाशीची, गालावर उन्हाने उठलेले ठिपके, नाव बिर्गित. तिने खुणेने उलथणं मागितलं. मी दिलं. तिला जमेना, मी तिचा हात धरून दाखवलं, तिचा हात माझ्यापेक्षा मऊ होता आणि तिला त्याची लाज वाटत होती, हे मला आवडलं. जेवताना तिने दोनदा मागून घेतलं आणि काहीतरी लांबलचक बोलली. सेसिलियो हसत म्हणाला, "आई, ती म्हणते तुझ्यासारखी बाई त्यांच्या देशात असती तर तिला मंत्री केलं असतं." सगळं टेबल हसलं. मी म्हटलं, तिला सांग, मंत्र्यांना मिगास करता येत नाहीत. पुन्हा हसले. वाईन संपली, मी दुसरी काढली. मी किती खूश होते. पाणी माझ्या डोक्यातून असं गेलं होतं की जणू ते कधी नव्हतंच. त्या खुशीचीच मला पुढे सगळ्यात जास्त शरम वाटली, विसरण्याची नाही.

उजाडायच्या आधी जाग आली ती थंडीने. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती, आणि तिच्याकडे बघता बघता सोडलेलं पाणी आठवलं. चपला तशाच अडकवून वर धावले. झडप बसवली, ढेकळं दाबली, बोटं बधिर झाली. वाफा तुडुंब भरून, बांधावरून सांडून, पाणी खालच्या खेचरांच्या वाटेवर गेलं होतं. ती वाट तिथे डोंगराच्या सावलीतून जाते, दगडी फरश्यांची, आणि फरश्या दरीच्या बाजूला कललेल्या आहेत. पंधरा पावलांचा तुकडा. त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता, इतका पातळ की समोरून बघितलं तर कोरडे दगडच दिसायचे, तिरपं बघितलं तरच चकाकायचा. मला काय करायचं ते माहीत होतं. चुलीतली राख. आम्ही दाराच्या पायऱ्यांवर टाकतो तशी दोन ओंजळी, बस, तेवढ्याने बूट धरतो. परत खाली आले, राखेची बादली भरली, ती अजून कोमट होती. सेसिलियो आणि पाहुणे कॉफी पीत होते, त्यांना त्याच वाटेने वर जायचं होतं. मी काही न बोलता बाहेर पडले. अजून वेळ होता. हौदापाशी फ्रास्कितो भेटला, खांद्यावर कुदळ.

तो म्हणाला की काल संध्याकाळपासून वर पाणी निम्मं झालं होतं, कुणीतरी दारं मोडलंय, आता एकेक वाफा बघत येतोय. मी म्हटलं रोसेन्दोकडे बघ. हे मी म्हटलं. पटकन, विचार न करता, जसं मी सगळंच म्हणते. त्याने माझ्या हातातल्या बादलीकडे बघितलं.

"राख कुठे, वहिनी?"

"कांद्याच्या वाफ्यात," मी म्हणाले.

कांद्याचा वाफा खाली होता. वर जाण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं. तो कुदळ टेकवून उभा राहिला, विडी पेटवली, आणि मी त्याच्यासमोर खाली वळले. वीस पावलं. वाफ्यात वाकले आणि मूठ मूठ राख कांद्याच्या रोपांभोवती टाकायला लागले, नीट, प्रत्येक रोपाभोवती गोल. मला वाटत होतं तो जाईल. तो जाईना. वरून काठ्यांचा आवाज यायला लागला, दगडांवर टक टक, आठ-नऊ जणांच्या. सेसिलियोने वरून हाक मारली, आई, येतो गं, रात्री परत इकडेच जेवायला. मी मान वर केली. त्याच्या लाल टोपीवर ऊन पडलं होतं, पुढच्या वळणावर सावली सुरू होत होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते, थांब, वाट निसरडी आहे, वरून जा. सहा शब्द. फ्रास्कितो माझ्याकडे बघत होता. तो लगेच विचारणार होता, तुला कसं माहीत? आणि दुपारपर्यंत गावाला कळणार होतं, रोसेन्दोला, नणंदेला, हौदावरच्या सगळ्यांना. मी स्वतःला सांगितलं, तो इथे जन्मलाय, तो पायाखाली बघेल. आणि हात वर करून हलवला. राखेने पांढरा झालेला हात. त्या हाताकडे बघून त्यानेही हात हलवला आणि हसून मागे वळून पाहुण्यांना काहीतरी सांगितलं, बहुधा माझ्याबद्दलच काहीतरी. मग काठ्यांचा आवाज सावलीत गेला. मी अजून दोन रोपांना राख घातली. मग काठ्या थांबल्या.

बिर्गित मेली नाही. दरीकडे घसरताना झाडाच्या बुंध्याला अडकली म्हणून वाचली, पण त्या दिवसानंतर उभी राहिली नाही. हेलिकॉप्टर आलं, पोलिसांचे गार्ड आले. त्यांनी विचारलं की या कोरड्या दिवसांत वाटेवर पाणी कुठून आलं, तेव्हा फ्रास्कितो म्हणाला की वर पाणी सोडलंय, डोंगर पाझरला असेल, तो कुठून पाझरेल त्याचा नेम नाही. हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला, की आपल्या पाटावर चोरी झाली हे त्याला सांगायचं नव्हतं, मला कधी कळलं नाही. पण सेसिलियोने ते धरलं. त्याचं म्हणणं, परक्याला माहीत नसतं, पण मला माहीत होतं की या दिवसांत डोंगर पाझरतो, मी आधी पुढे जाऊन बघायला हवं होतं. हे तो गार्डांना म्हणाला, त्या बाईच्या बहिणीला म्हणाला, अम्पारोला लग्नाआधी म्हणाला. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही. त्याने स्वतःच लाल टोपी खिळ्याला अडकवली आणि शरद ऋतूत खाली शहरात गेला, पुढे मलाही इकडे घेऊन आला. तो स्वतःला दोष द्यायचा तेव्हा प्रत्येक वेळी मी शेजारी होते. पाव कापत होते. त्या वर्षी शेंगा इतक्या आल्या की फांद्या वाकल्या. मी एकही खाल्ली नाही, वाटून टाकल्या, आणि लोक म्हणाले ओब्दुलियाला पोराचं दुःख फार झालं.

बिर्गित दर नाताळाला त्याला कार्ड पाठवते. बर्फाचं, मेणबत्त्यांचं. आत दरवेळी तेच लिहिलेलं असतं, निएवेस मला वाचून दाखवायची लहान असताना, की तुझी चूक नव्हती, सेसिलियो, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तो एकाचंही उत्तर देत नाही. मला वाटतं, चुकीच्या माणसाला मिळालेली माफी त्याला पचत नाही आणि का पचत नाही हे त्याला कळत नाही. मी काय केलं? मी त्याला टोचलं. भित्रा म्हटलं, बापाची सर नाही म्हटलं, शिक्के मारून मारून तुझी पाठ वाकली म्हटलं. दर रविवारी, जेवणावर. तो उलटून बोलला असता, भांडला असता, तर कदाचित भांडणात माझ्या तोंडून निघून गेलं असतं. तो ऐकून घ्यायचा. फ्रास्कितो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला बघायला गेले होते. श्वास लागत होता. त्याची सून बाहेर गेल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "वहिनी, त्या वर्षी कांदे चांगले आले होते का?" मी म्हटलं, बरे आले होते. त्याने मान हलवली. आम्ही दोघं त्यापुढे हवापाण्याचं बोललो. घरी येताना मला हलकं वाटलं, खोटं का सांगू. वाटलं, आता जाणणारा हा एकटाच होता, तो गेला की हे फक्त माझं. जणू ते काही दागिना होता.

आता समोरचं सगळं पांढरं झालंय. उजेड डोळ्यांत घुसतोय आणि मिटलं तरी जात नाही. सेसिलियोचा फोन वाजला. निएवेसचा आवाज बारीक ऐकू येतोय, ती विचारते आहे की पत्रात काय लिहू, घरच्या अडचणीमुळे असं लिहू का. तो म्हणाला, "हो, तसंच लिही, बाळा. वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या रक्तातच ते नाही." बाळा म्हणताना त्याचा आवाज इतका मऊ होता की मला तो लहान असतानाचा आठवला, ताप आलेल्या कोकराशी बोलायचा तसा. फोन ठेवला. मी हात पुढे केला, त्याचं गुडघ्यावरचं मनगट चाचपडून सापडलं. खोलीत अजून चार-पाच माणसं आहेत, पिवळट ठिपके. त्यांच्यादेखत बोलणं मला जड जात होतं. एरवी माणसं जमलेली असली की मला जोर येतो. त्याने अर्धवट उठत विचारलं, डोळे चुरचुरतात का, नर्सला बोलावू? मी म्हटलं बस खाली. त्याचा चेहरा मला दिसत नाही हे बरंच आहे असं मनात आलं, आणि लगेच त्याचीही लाज वाटली, म्हणून जिथे त्याचे डोळे असायला हवेत तिथे मी बघितलं.

"सेसिलियो, तो डोंगर पाझरला नव्हता. दारं मी मोडलं होतं, शेंगांसाठी, आणि तुझ्या पाहुण्यांनी माझं कौतुक केलं त्यात बंद करायला विसरले. सकाळी बर्फ बघितला. राख हातात होती. तू वरून हाक मारलीस तेव्हा तुला थांबवायचं सोडून मी हात हलवला, कारण फ्रास्कितो बघत होता. थांब, मला बोलू दे, परत माझ्याने व्हायचं नाही. त्या बाईचे पाय माझ्याकडे लागतात. तुझी बावीस वर्षं माझ्याकडे लागतात. त्या बाईला तसं पत्र लिहून कळव, माझ्या नावाने, सही मी करते. मला घरात ठेव नाहीतर काढ, ते तुझं तू बघ. पण आधी पोरीला फोन लाव आणि सांग, दोन वाजायच्या आत हो म्हणून कळव. आणि तू ऐक, मी आयुष्यभर सगळ्यांचे निकाल लावले, हा एक लावायचा राहिला होता. तू चांगला वाटाड्या होतास."